खोडदची दुर्बीण आणि पंचक्रोशीतील शाळा

विद्यापीठाचा आणि गावच्या शाळेचा संबंध कोणता, असा प्रश्न एखाद्या पालकास विचारला तर तो बहुधा परीक्षेचे नाव घेईल. मुलगा शाळेतून बाहेर पडतो, महाविद्यालयात जातो आणि तेथे विद्यापीठाची परीक्षा देतो. एवढ्यापुरताच हा संबंध आहे अशी सर्वसाधारण समजूत आहे. ज्या संस्थेत उच्च विद्येची उपासना चालते तिने पाचवी-सहावीच्या वर्गाकडेही पाहावे, तेथील मास्तरांच्या अडचणी जाणून घ्याव्यात, हे तिचे कर्तव्यच होय, हा विचार आपल्याकडे उशिरा रुजला. तो कसा रुजला, त्याचे प्रयोग कोठे कोठे झाले आणि जुन्नर तालुक्यातील खोडद गावी त्यास कोणते रूप आले, याचा थोडक्यात इतिहास सभासद कुटुंबांपुढे ठेवावा असे आम्ही योजिले आहे. स्मरणिकेच्या पानांतून पूर्वजांचे गुणवर्णन नेहमीच होते व ते उचितही आहे. परंतु या वेळी आपल्या मुलाबाळांच्या थेट उपयोगी पडेल असा विषय घेतला तर वाचक बंधुभगिनींस तो अप्रस्तुत वाटणार नाही, अशी आमची खात्री आहे.

प्रथम थोडे मागे जावे लागेल. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे पुढे घरोघर ‘मॅट्रिक’ या नावाने ठाऊक झालेली परीक्षा, घेण्यात आली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे या पहिल्याच परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांपैकी होत. १८६२ साली बी. ए. झालेल्या पहिल्या चौघांतही ते दोघे होते. तेव्हापासून सुमारे नव्वद वर्षे मॅट्रिकची परीक्षा विद्यापीठाच्या हाती राहिली. खेड्यापाड्यांतील इंग्रजी शाळांचे सारे लक्ष त्या एका परीक्षेकडे लागलेले असे. विद्यापीठ शाळेकडे पाहात असे ते वरून. शाळेने काय शिकविले हे ते तपासी, परंतु कसे शिकवावे याविषयी शाळेला हात देणे हे आपले काम आहे असे त्यास वाटत नसे. परीक्षकाचे नाते होते, सोबत्याचे नव्हते.

पुणे शहराची परंपरा याहून थोडी निराळी आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली तेव्हा या प्रांतात विद्यापीठ स्थापन व्हावयाचेच होते. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर प्रभृतींनी १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढले. त्या शाळेतून १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली व १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज निघाले. म्हणजे पुण्यात आधी शाळा झाली आणि शाळेच्या पोटी कॉलेज जन्मास आले. शाळेत शिकविणारी माणसेच कॉलेजात शिकवीत, आणि त्यात त्यांस कमीपणा वाटत नसे. १९४९ साली गणेशखिंडीत स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठास २०१४ साली सावित्रीबाईंचे नाव देण्यात आले. विद्यापीठाच्या पाटीवर एका शाळेच्या शिक्षिकेचे नाव आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या नावाने विद्यापीठावर शाळेचे काही देणे आपोआपच लागू होते, असे आम्हांस वाटते.

योगायोग असा की ज्या १९४९ साली पुणे विद्यापीठाचा जन्म झाला त्याच साली मॅट्रिकच्या जागी एस. एस. सी. बोर्डाची पहिली शालान्त परीक्षा झाली. शाळांची परीक्षा स्वतंत्र मंडळाकडे गेली आणि विद्यापीठाचा शाळेशी असलेला जुना धागा तुटला. शाळा सुटल्या, हे एका अर्थी बरेच झाले. परंतु जुने नाते गेल्यावर त्या जागी नवे नाते काय यावे, याचा विचार पुढची पंचवीस वर्षे फारसा कोणी केला नाही. विद्यापीठे वाढली आणि शाळाही वाढल्या. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या व प्राथमिक शाळा वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचल्या. मात्र या दोन जगांतील माणसे एकमेकांस ओळखीनाशी झाली.

हे नवे नाते जोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न मुंबईत झाला. डॉ. होमी भाभा यांनी १९४५ साली स्थापिलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काही शास्त्रज्ञांस, विशेषतः प्रा. भालचंद्र उदगावकर आणि प्रा. वि. गो. कुलकर्णी यांस, असे जाणवले की अणुविज्ञानाचे संशोधन एकीकडे आणि नगरपालिकेच्या शाळेतील विज्ञानाचा कोरडा तास दुसरीकडे, ही स्थिती देशास हितकारक नाही. त्यांच्या खटपटीतून १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. त्याचा आरंभ एखाद्या प्रशस्त वास्तूत झाला नाही. नाना चौकातील नगरपालिकेच्या शाळेच्या इमारतीत त्याने बिऱ्हाड केले. पुढे केंद्राची माणसे जळगाव जिल्ह्यातील खिरोदा या गावी गेली व त्या भागातील शाळांत त्यांनी काही वर्षे काम केले. मुलांस विज्ञान जड जाते याचे एक मोठे कारण विज्ञानात नसून पुस्तकाच्या भाषेत आहे, असा त्यांचा अनुभव होता. वाक्य सोपे केले, शब्द ओळखीचे घातले, की तीच कल्पना मुलास सहज उमगते. आपल्या घरातील प्रत्येक आईस हे ठाऊक आहे. पण ते शाळांतून पडताळून पाहिले गेले, ही मोठी गोष्ट होय.

याच केंद्राने पुढे १९८० च्या दशकात मुंबईच्या नगरपालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर दीर्घकाळ काम केले. वाचन, लेखन आणि अभ्यासाची रीत यांकडे नेटाने लक्ष पुरविल्यावर त्या मुलांचा शालान्त परीक्षेतील निकाल पुष्कळच सुधारला. बुद्धी जन्मावर अवलंबून असते असे ज्यांस अजून वाटते त्यांनी या कामाची माहिती अवश्य करून घ्यावी. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हे लिहिणे आम्ही मुद्दामच योग्य मानतो. ज्ञाती ही परस्परांस आधार देण्याची सोय आहे. ती बुद्धीची मोजपट्टी नव्हे.

महाराष्ट्राबाहेरचे एक उदाहरण येथे सांगितले पाहिजे, कारण त्याचा धागा पुढे पुण्यास येऊन मिळतो. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांत करून पाहून विज्ञान शिकविण्याचा प्रयोग सुरू झाला. किशोर भारती व रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो आरंभिला. टाटा संस्थेतील शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक सुटी काढून तेथे जात व खेड्यातील शिक्षकांबरोबर बसून प्रयोग रचीत. १९७८ साली तो साऱ्या जिल्ह्यात पसरला. तीस वर्षे चाललेले हे काम २००२ साली सरकारी आदेशाने बंद पडले. वरच्या हुकुमावर जे उभे असते ते वरच्या हुकुमाने खाली येते. शाळेला मिळालेली मदत टिकावयाची असेल तर गावच्या पालकांस ती आपली वाटली पाहिजे, हा धडा त्यातून घ्यावा लागतो.

आता आपण जुन्नर प्रांती येऊ. विद्येच्या इतिहासात हा मुलूख परका नाही. सातवाहनांच्या काळी जुन्नरहून कोकणात उतरणारा व्यापारी मार्ग नाणेघाटातून कल्याण बंदराकडे जात असे. घाटातील लेण्यात नागनिका राणीशी निगडित जो लेख कोरलेला आहे त्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या दानांचे आकडे आहेत, आणि भारतातील अंकचिन्हांच्या अत्यंत जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. आपल्या डोंगरावर दोन हजार वर्षांपूर्वी आकडे कोरले गेले, ही गोष्ट जुन्नरच्या शाळांतील प्रत्येक मुलास सांगितली गेली पाहिजे.

त्याच कल्याणास १९६५ साली एक नवी विद्या उतरली. डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) हे ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथे रेडिओ खगोलशास्त्राचा अभ्यास करून डॉ. भाभांच्या बोलावण्यावरून १९६३ साली स्वदेशी परतले. ऑस्ट्रेलियाकडून भेट मिळालेल्या बत्तीस लहान तबकड्या घेऊन त्यांनी कल्याण येथे सूर्याच्या निरीक्षणासाठी दुर्बीण उभारली. पुढे १९७० साली त्यांनी निलगिरीतील उटी येथे ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी दुसरी दुर्बीण बांधून पूर्ण केली. तिच्यासाठी त्यांनी असा उतार शोधला की त्याचा कल त्या स्थळाच्या अक्षांशाएवढा, म्हणजे सुमारे अकरा अंश असावा. त्यामुळे दुर्बिणीचा लांब अक्ष पृथ्वीच्या अक्षाशी समांतर झाला आणि ताऱ्याचा मागोवा घेण्यास एकाच दिशेने फिरविणे पुरेसे झाले. शाळेच्या भूगोलातील अक्षांश हा नुसता पाठ करण्याचा आकडा नसतो, हे याहून स्पष्ट कोण सांगेल?

तिसऱ्या आणि सर्वांत मोठ्या दुर्बिणीसाठी जागेचा शोध सुरू झाला तेव्हा खोडदची निवड झाली. पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटर व नारायणगावच्या पूर्वेस सुमारे १० किलोमीटर अंतरावरचे हे गाव. त्याचा अक्षांश सुमारे १९ अंश. तेथून दक्षिणेकडील आकाशाचा मोठा भाग दिसतो. शिवाय चुंबकीय विषुववृत्तापासून ते पुरेसे दूर असल्याने वरच्या वातावरणातील अस्थिरता तेथे कमी जाणवते. आणि मुख्य कारण असे की मनुष्यनिर्मित रेडिओलहरींचा गोंगाट या भागात थोडा होता. १९९० च्या दशकात उभारणी झाली व २००१ साली दुर्बिणीचे लोकार्पण झाले. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यांपैकी चौदा मध्यभागी सुमारे एक किलोमीटरच्या चौकात, आणि उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन बाहूंप्रमाणे आजूबाजूच्या गावांच्या शिवारांत पसरलेल्या. दोन टोकांच्या तबकड्यांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर. पत्र्याऐवजी पोलादी तारेची जाळी दोरखंडांसारख्या तारांवर ताणून या तबकड्या केल्या आहेत. वारा जाळीतून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्चही पुष्कळ वाचला. २०१९ साली दुर्बिणीची सुधारलेली आवृत्ती कार्यान्वित झाली. २०२३ साली विश्वातील अतिमंद गुरुत्वीय लहरींचे जे पुरावे जगभर प्रसिद्ध झाले त्यांत खोडदच्या निरीक्षणांचाही वाटा होता.

शेतकरी कुटुंबातील मुलास या आकड्यांचा अर्थ कळावा म्हणून एक हिशेब देतो. एका तबकडीच्या तोंडाचे क्षेत्रफळ काढले तर ते सुमारे १,५९० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पावणेसोळा गुंठे भरते. तीसही तबकड्यांचे मिळून पावणेबारा एकरांहून किंचित अधिक. एवढ्या क्षेत्रावर आकाशातून पडणारे अतिक्षीण संदेश ही दुर्बीण गोळा करते. सातवीतील मुलास वर्तुळाचे क्षेत्रफळ शिकविताना वहीतील कंपासाच्या वर्तुळाऐवजी खिडकीतून दिसणारी तबकडी घ्यावी आणि उत्तर गुंठ्यांत मागावे. ते गणित त्याच्या घरी सातबाऱ्यावर चालतेच. उच्च संस्था शेजारी असण्याचा शाळेला जो पहिला लाभ होऊ शकतो तो असा बिनखर्चाचा आहे.

दुर्बीण चालविणारी संस्था म्हणजे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र. ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे अंग असून त्या संस्थेस २००२ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. केंद्राचे पुण्यातील ठाणे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. म्हणजे विद्यापीठाच्या आवारात बसलेली संस्था, तिची दुर्बीण जुन्नर तालुक्यात आणि तिच्या भोवती जिल्हा परिषदेच्या व खाजगी संस्थांच्या शाळा, असा हा मेळ आहे. तो नुसता शेजाराचा राहू नये यासाठी जे झाले त्यांत विज्ञान दिनाचा उपक्रम प्रमुख होय.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी आपला शोध जाहीर केला. त्याच्या स्मरणार्थ १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. रामन यांनी ज्या कलकत्त्याच्या संस्थेत हे काम केले ती डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली लोकांच्या देणग्यांतून उभी केली होती, आणि सर्वसामान्यांसाठी विज्ञानाची व्याख्याने देणे हा तिचा एक मूळ हेतू होता. खोडद येथे विज्ञान दिनाच्या सुमारास दुर्बिणीची दारे सर्वांस खुली होतात. आसपासच्या तालुक्यांतील शाळांची मुले आपण केलेली उपकरणे घेऊन येतात व ती प्रदर्शनात मांडतात. हजारो माणसे ती पाहण्यास लोटतात. शास्त्रज्ञ स्वतः तबकडीखाली उभे राहून प्रश्नांची उत्तरे देतात. खोडद येथील ग्रामीण विज्ञान केंद्रही याच भावनेतून उभे राहिले. ज्या मुलाने बाटली, दोरी आणि पुठ्ठा यांतून काही केले आहे त्याच्यापुढे दुर्बीण चालविणारा माणूस थांबून ‘हे तू कसे केलेस?’ असे विचारतो, त्या क्षणाचे मोल पारितोषिकाहून अधिक आहे.

विद्यापीठाच्या त्याच आवारात आणखी एक संस्था आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ साली स्थापिलेले आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र, म्हणजेच ‘आयुका’. त्याचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी प्रारंभापासून शाळांकडे लक्ष दिले. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शालेय विद्यार्थ्यांसाठी व्याख्यान, आणि उन्हाळ्याच्या सुटीत निवडक विद्यार्थ्यांस शास्त्रज्ञांबरोबर काही दिवस काम करण्याची संधी, अशी प्रथा तेथे पडली. मुले स्वाक्षरी मागावयास आली की नारळीकर त्यांस सांगत की पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी स्वाक्षरी मिळेल. कार्डाच्या किंमतीत मुलास प्रश्न विचारण्याचे शिक्षण मिळे. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या साहाय्याने तेथे मुलांसाठी ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ उभी राहिली. टेल्कोत अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ साली होशंगाबादच्या कामात गेले आणि तेथे काड्यापेटीतील काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमितीची खेळणी करू लागले. तेच पुढे शोधिकेत अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंची वैज्ञानिक खेळणी करून मुलांस व शिक्षकांस शिकवीत राहिले. जो प्रयोग एका राज्यात आदेशाने थांबला त्याचे बी पुण्यात असे उगवले. याच आयुकाची २ मीटर व्यासाची प्रकाशीय दुर्बीण २००६ पासून आंबेगाव तालुक्याच्या परिसरात गिरवली येथे आहे. त्यामुळे जुन्नर व आंबेगाव हे शेजारचे तालुके रेडिओलहरी आणि प्रकाश अशा दोन्ही डोळ्यांनी आकाश पाहतात.

येथवर संस्थांनी शाळांस काय दिले ते पाहिले. परंतु गावांनी संस्थेस काय दिले, हे सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. खोडदच्या दुर्बिणीस सर्वांत अधिक गरज आहे ती शांततेची. कानास ऐकू येणाऱ्या नव्हे, तर रेडिओलहरींच्या शांततेची. दूरच्या दीर्घिकेतून येणारा संदेश इतका क्षीण असतो की जवळच्या एखाद्या यंत्राची ठिणगी किंवा मोबाईलची लहर त्यास बुडवून टाकते. म्हणून परिसरातील उद्योग, मनोरे व यंत्रे यांवर बंधने आली. पुणे–नाशिक जलद रेल्वेचा नियोजित मार्ग या भागातून जात असता त्यामुळे निरीक्षणांत व्यत्यय येईल असा आक्षेप निघाला व २०२५ साली आखणी बदलण्याचा विषय सरकारदरबारी आला. द्राक्षे, टोमॅटो आणि भाजीपाला पिकविणाऱ्या या मुलखास रेल्वे किती हवी होती हे आम्ही सांगावयास नको. रेल्वेची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यास वाईट वाटले तर त्यास विज्ञानाचा शत्रू म्हणणे अन्यायाचे होईल. तसेच जगात मोजक्या ठिकाणी असलेली अशी दुर्बीण आपल्या हाताने बहिरी करणे हेही शहाणपणाचे नाही.

आमच्या मते या पेचाचे उत्तर देण्याघेण्याच्या हिशेबात आहे. गाव जर पिढ्यान्‌पिढ्या शांतता सांभाळणार असेल तर त्या शांततेतून निपजणाऱ्या विद्येवर गावच्या मुलाचा पहिला हक्क आहे. त्यास उपकार म्हणू नये. ती फेड आहे. ज्या दिवशी खोडद, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, ओतूर येथील शाळांतून शिकलेली मुले त्या दुर्बिणीच्या नियंत्रण कक्षात अभियंते व संशोधक म्हणून सहज दिसू लागतील, त्या दिवशी ही फेड खऱ्या अर्थाने सुरू झाली असे म्हणता येईल.

या दृष्टीने पाहता आजवरच्या कामात एक उणीव राहते, ती मोकळेपणाने सांगतो. विज्ञान दिन वर्षातून एकदा येतो. त्या दिवशी मूल हरखून जाते. दुसऱ्या दिवशी ते ज्या वर्गात परतते तेथे प्रयोगाचे साहित्य फडताळात कुलूपबंद असते आणि काच फुटली तर भरपाई कोणाकडून, या भीतीने मास्तर ते उघडीत नाहीत. म्हणून शाळेस दिलेल्या साहाय्याची परीक्षा तीन गोष्टींवरून करावी. ते साहाय्य मुलाबरोबर मास्तरांपर्यंत पोहोचले काय? ते मुलाच्या मराठीत होते काय? आणि पाहुणे परत गेल्यावर शाळेत हाताळण्याजोगे काही मागे राहिले काय? खिरोद्याने भाषेचे महत्त्व दाखविले, होशंगाबादने शिक्षकाचे दाखविले, मुक्तांगणाने स्वस्त वस्तूंचे दाखविले. या तिन्ही गोष्टी खोडदच्या पंचक्रोशीत एकत्र आणणे फारसे अवघड नाही. कारण शास्त्रज्ञ तेथेच आहेत, शाळा तेथेच आहेत आणि मध्ये फक्त काही किलोमीटरची वाट आहे.

ही वाट दोन्ही बाजूंनी चालावी लागेल. संस्थेने शाळेत यावे ही अपेक्षा योग्यच आहे. पण शाळा आणि पालक यांनीही संस्थेच्या दारी जावयास हवे. सभासद कुटुंबांपुढे आम्ही काही सूचना ठेवितो. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड या तालुक्यांत ज्यांची मुले शिकत आहेत त्यांनी येत्या विज्ञान दिनी त्यांस घेऊन खोडदला अवश्य जावे, आणि मोबाईल बंद करून जावे. तो बंद का करावयाचा, हाच मुलाचा पहिला धडा होईल. पुण्यात राहणाऱ्या कुटुंबांनी आयुकाच्या व्याख्यानांस मुले न्यावीत व सुटीत गावाकडचे भाचे-पुतणे आले असतील तर त्यांसही बरोबर घ्यावे. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांनी आपल्या शाळेच्या सहलीत थंड हवेच्या ठिकाणाबरोबर एक दुर्बीणही जोडावी. आणि ज्ञातिसंस्था दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करते, शाल-श्रीफळ देते, त्या खर्चातील थोडा भाग एखाद्या वाडीवरील शाळेच्या एसटी भाड्यासाठी अथवा साध्या प्रयोगपेटीसाठी काढावा. ती पेटी ज्या वर्गात जाईल तेथे आपल्या ज्ञातीची मुले किती, हे मोजू नये. वर्गात बसलेली सारी मुले तिचे धनी होत. आपल्या पूर्वपिढीने वसतिगृहे चालविली, वार लावून गरीब मुलांस जेवू घातले. त्यांतील अनेकांस शेजारच्या आळीतील परक्या घरीही अन्न मिळाले होते, याची आठवण ठेवून हे करावे.

नाणेघाटात ज्यांनी आकडे कोरले त्यांनी ते येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांस दिसतील अशा ठिकाणी, वाटेवरच कोरले. व्यापारी, हमाल, भिक्षू, सगळे तेथून जात. खोडदची दुर्बीणही शिवाराच्या मधोमध, बैलगाडीच्या वाटेवरून दिसते. शाळेकडे निघालेल्या मुलास ती रोज दिसते. तिचा अर्थ त्यास कळावा, एवढी तजवीज करणे हे विद्यापीठाचे, शाळेचे आणि आपणां सर्वांचे काम आहे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत या बाबतीत कोणत्या कुटुंबाने, कोणत्या शाळेने काय केले याची नोंद छापावयास मिळावी, अशी इच्छा प्रकट करून आम्ही वाचकांचा निरोप घेतो.